दोष किल्लीचा कीं कुलपाचा?

घरांतील सर्वांचे मोबाइल वायफायला जोडले जातात, जुना लॅपटॉप मात्र बाहेरच ताटकळतो, असा अनुभव पुष्कळ घरीं येतो. प्रथम लॅपटॉपांतील त्या नेटवर्कची साठविलेली नोंद पुसून, लहानमोठीं अक्षरें नीट पाहून पासवर्ड पुन्हां घालावा. तरीही नकारच आला, तर दोष बहुधा किल्लीचा नसून कुलपाचा असतो. २०१८ सालीं डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षापद्धति आली. त्यापूर्वींच्या पुष्कळ यंत्रांस ती अवगत नाहीं. राउटर केवळ तिच्यावरच ठेवला असल्यास सेटिंगमध्यें डब्ल्यूपीए-२ व ३ ही मिश्र पद्धति निवडावी. परंतु त्रासून पासवर्डच काढूं नये. एका वृद्ध यंत्राकरितां साऱ्या कुटुंबाचा व्यवहार उघड्यावर टाकणें शहाणपणाचें नव्हे.