मांजरांचा वाफा

भिलाईत कुरुदला आमच्या परसात मेथी आणि लाल भाजीचे वाफे केले, की गल्लीतल्या मांजरांची चंगळ होते. भुसभुशीत माती आयतीच मिळते ना! एरवी हसून सोडून दिलं असतं, पण यंदा सूनबाईला तिसरा महिना लागलेला आणि भाजी खुडायची हौस तिलाच.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत उतरू शकतो. गरोदरपणी त्याची पहिल्यांदाच लागण झाली, तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या मेंदूला किंवा डोळ्यांना इजाही होऊ शकते. मात्र ताजी घाण लगेच बाधत नाही. त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मी ती रोज सकाळी हातमोजे घालून खुरप्याने उचलते. सूनबाईला मातीत हात घालायला सक्त मनाई. भाजी वाहत्या पाण्याखाली धुऊन, नीट शिजवूनच पानात येते.

शेजारच्या चाचींनी डांबरगोळ्या टाकायला सांगितलं. पण त्या मांजरांना विषारी, आणि उद्या याच अंगणात बाळ रांगणार. मी नाही म्हटलं. चाची जरा रुसल्याच.

मग वाफ्यांवर खुराड्याची जाळी अंथरली, रोपं तिच्यातून वर आली. जाळी अपुरी पडली तिथे बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. लांबच्या कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात कोरडी वाळू ठेवली. तीही रोज साफ करावी लागते. चौथ्या दिवशी ठिपकेवाली तिकडे वळली. काळा बोका मात्र अजून कुंपणावर बसून मेथीकडेच बघतो.