थिंकपॅडमधलं लाल बटण का गेलं?
लेनोवोने जानेवारी २०२५ मध्ये थिंकपॅड एक्स९ सादर केला, तेव्हा कीबोर्डमधलं लाल बटण त्यात नव्हतं. आयबीएमच्या १९९२ मधल्या थिंकपॅड ७००सी पासून ती या लॅपटॉपची ओळख होती.

हा 'ट्रॅकपॉइंट' जी, एच आणि बी या कीजच्या मध्ये असतो. बोटाचा दाब जितका जास्त, तितका कर्सर वेगाने सरकतो. टाइप करताना हात उचलावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो. माउस सोपा, मात्र त्याला टेबलावर जागा हवी. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल आणि झूम होतं, म्हणून बहुतेकांना तेवढं पुरतं.

गैरसोय होईल ती दिवसभर टाइप करणाऱ्यांची. इतर अनेक थिंकपॅडमध्ये हे बटण अजूनही मिळतं. त्यामुळे लॅपटॉप घेण्याआधी कीबोर्ड नक्की पाहा.