आरोग्याच्या गप्पा : ॲसिडिटी, कॅल्शियम आणि पांढऱ्या पेशी

गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी आम्हांला गाठलं. "अहो, ॲसिडिटीनं प्रतिकारशक्ती जाते म्हणे! मी कॅल्शियमच्या गोळ्या दुप्पट केल्यात, शिवाय ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या आहेतच. बरोबर ना?" मागची मंडळी खोळंबली होती, म्हणून उत्तर इथे देतो.

आम्ल आणि कॅल्शियम यांचा प्रतिकारशक्तीशी संबंध आहे हे खरं, पण तो पोटात नव्हे, पांढऱ्या पेशींच्या आत. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. एरवी या पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतं. जंतूची चाहूल लागली की पेशीच्या आवरणातली दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. हाच हल्ल्याचा हुकूम! मग पेशी ऑक्सिजनपासून जहाल रसायनं बनवून जंतूवर सोडते. पण ही भट्टी पेटली की पेशीतच आम्ल मागे उरतं. इथल्या बंद घरात फोडणी दिल्यावर धूर कोंडतो ना, तसंच. तो धूर बाहेर घालवायला पेशीला खास खिडकी असते. तिला प्रोटॉन चॅनल म्हणतात. जिनिव्हातल्या संशोधकांनी ही खिडकी नसलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या (२०१०). आत आम्ल साचलं, आवरणावरचा विद्युतभार बिघडला, कॅल्शियम कमी आलं आणि जहाल रसायनंही कमी बनली.

म्हणजे कॅल्शियम हवं, पण नेमकं त्या क्षणी आणि पेशीच्या आत. गोळ्यांनी ते साधत नाही. रक्तातली आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, कॅल्शियमवर पॅराथायरॉइड ग्रंथींची नजर असते. पोटातल्या जळजळीचा या हिशेबाशी संबंध नाही.

आम्हांला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चघळायच्या बऱ्याच गोळ्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच! म्हणजे काकू दोन्हीकडून कॅल्शियम घेताहेत. १९१५च्या सुमाराला अमेरिकेत अल्सरवर दूध आणि अल्कली भरपूर देत. त्यातून काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडली. तो आजार आता दुधामुळे क्वचितच होतो, गोळ्यांमुळे मात्र होतो. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं.

तेव्हा काकू, दोन्ही बाटल्या पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासायला एक साधी रक्ततपासणी पुरते. आणि हो, जळजळ रोजचीच असेल तर तेही त्यांना सांगा. आम्हांला प्रसादाच्या रांगेत सांगून भागायचं नाही!