‘बेगम’च्या संपादक

दिवाळी अंक छापायला गेला की कागदाच्या भावावरून आमच्या कार्यालयात रोज हिशेब होतात. यंदा ते करताना १९४४ची मुंबई डोळ्यांपुढे येत राहिली. महायुद्ध चालू, कागदावर सरकारी नियंत्रण, आणि नुकतीच तुरुंग पाहून आलेली, तान्ह्या मुलाची आई असलेली ३६ वर्षांची एक वकील स्त्रियांसाठी नियतकालिक काढते. त्याचं नाव ‘द बेगम’, पुढे ‘इंडियन विमेन’. संपादक व्हायोलेट आल्वा.

अहमदाबादच्या धर्मोपदेशक लक्ष्मण हरींची ही मुलगी सोळाव्या वर्षी पोरकी झाली. थोरल्या भावंडांनी तिला शिकवलं. मुंबईत झेवियर्स, मग विधि महाविद्यालय. पती जोकीम आल्वा ‘फोरम’ साप्ताहिक काढत. १९४३मध्ये आर्थर रोडच्या तुरुंगात गेल्या तेव्हा व्हायोलेटबाईंबरोबर पाच महिन्यांचा निरंजन होता. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे युक्तिवाद करणारी देशातली पहिली स्त्री वकील अशी त्यांची नोंद झाली. ‘बेगम’ त्याच वर्षीचा.

हल्ली पत्रकारितेकडे राजकारणाची पायरी म्हणून पाहतात. व्हायोलेटबाईंच्या समोर तेव्हा कुठलं तिकीट नव्हतं, इंग्रजांचं सरकार होतं. १९५२मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या, जोकीम कानडा मतदारसंघातून लोकसभेवर. संसदेतलं हे पहिलं दांपत्य. पण आम्हाला त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मोलाची वाटते: अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या स्थायी समितीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. खासदार झाल्या म्हणून त्यांचं संपादकपण सुटलं नाही. १९५७मध्ये त्या गृहखात्याच्या उपमंत्री झाल्या आणि १९६२पासून राज्यसभेच्या उपसभापती. न पटणाऱ्या माणसालाही त्याची जागा द्यायची आणि जागा संपली की त्याला थांबवायचं, ही संपादकाची सवय त्या आसनावर नक्कीच कामी आली असणार.

१९६९मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी त्यांना पक्षनेतृत्वाचा पाठिंबा मिळाला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच, २० नोव्हेंबरला, त्या गेल्या. २०२२मध्ये त्यांच्या सूनबाई मार्गारेट आल्वा याच पदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्या पदावर आजवर एकही स्त्री बसलेली नाही, याची आम्हाला खंत आहे.

मुंबईतल्या जुन्या घरांत, वाचनालयांत ‘बेगम’चे अंक अजून कुठे तरी असतील. एखाद्या वाचकाकडे असतील तर रद्दीत देऊ नका, आम्हाला कळवा. पुढच्या दिवाळीत त्यांवर सविस्तर लिहायची आमची इच्छा आहे.