आधी रेषा दिसू द्या

कबड्डीत चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो, मागचा पाय त्याच क्षणी हवेत असतो आणि समोर किमान सहा गडी उभे असतात. एवढं जुळलं की एक गुण. हा गुण डोळ्यांनी पाहायचा असतो. पंचांचा हात वर जाण्याआधी प्रेक्षकाच्या तोंडून ‘घेतला, घेतला!’ निघायला हवं. आता ते निघत नाही. लोक पंचांकडे बघतात, मग मोठ्या पडद्याकडे, मग शेजाऱ्याकडे. खेळ डोळ्यांसमोर चाललाय आणि निकाल मात्र दुसऱ्याला विचारावा लागतोय. ही पाळी आणली आहे इनडोअर मैदानं सजवणाऱ्यांनी आणि त्या सजावटीचे पैसे मोजणाऱ्या आयोजकांनी. मैदान कसं दिसावं, हे ठरवताना यांनी खेळाकडे पाहिलेलंच नाही.

गिरगावातल्या फणसवाडीत वाढलेल्या माणसाला मैदान आखणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दोन टोकांना खिळे, मधे ताणलेली सुतळी आणि त्या सुतळीवरून ओणव्याने मागे मागे सरकत, मुठीतून फक्कीची एकसारखी धार सोडणारा मंडळाचा कार्यकर्ता. मातीवर आधी पाणी मारलेलं असायचं. ते धूळ बसावी म्हणून, पण ओली माती गडद व्हायची आणि तिच्यावर पांढरी रेषा लखलखीत उठायची. मध्यंतरात पायांनी विस्कटलेल्या रेषा पुन्हा आखल्या जायच्या. त्याशिवाय दुसरा डाव सुरू होत नसे. वाडीतले सामने लोक चाळीच्या गॅलरीतून बघायचे. दुसऱ्या मजल्यावरून सगळं मैदान सपाट पसरलेलं दिसतं, कोण कुठे उभा आहे, चढाईपटू किती आत गेला, सगळं. परळचं नरे पार्क असो की ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना, गिरणगावातल्या माणसाला कबड्डी कळत होती. कारण त्याला ती नीट दिसत होती.

मला मातीचे गोडवे गायचे नाहीत. मातीवर गुडघ्या-कोपरांची सालं निघत, अवेळी पाऊस आला की स्पर्धा गुंडाळावी लागे. मॅट आली, पायात बूट आले, डोक्यावर छप्पर आलं, हे चांगलंच झालं. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स, तेव्हा हा खेळ दूरचित्रवाणीवर इतका देखणा दिसू शकतो हे महाराष्ट्राने पहिल्यांदा पाहिलं. ज्यांनी कधी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं अशा घरांत लोक चढाई आणि पकड यांवर बोलू लागले. पडद्यावर तीस सेकंदांचं घड्याळ धावत होतं, वादाची पकड पुन्हा पुन्हा दाखवली जात होती. एका लहान, तेरा मीटर बाय दहा मीटरच्या चौकटीत काय काय घडतं ते घरबसल्या समजत होतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

त्यानंतर जे अनुकरण सुरू झालं त्यावर माझा राग आहे. अनुकरण करणाऱ्यांनी अंधार उचलला, धूर उचलला, गरगर फिरणारे दिवे उचलले. कॅमेऱ्याची उंची, मॅटच्या रंगांचा विचार, रेषांचा ठळकपणा यातलं काहीच उचललं नाही. त्यांना कार्यक्रम हवा होता, सामना नको होता.

मुंबईतल्याच एका इनडोअर हॉलमध्ये मी मध्यंतरी सामने बघायला गेलो होतो. लाकडी जमिनीवर कबड्डीची मॅट अंथरली होती आणि मॅटच्या चारही बाजूंनी जमिनीवरच्या बाकीच्या खेळांच्या रेषा बाहेर डोकावत होत्या. बॅडमिंटनच्या पांढऱ्या, बास्केटबॉलच्या काळ्या, व्हॉलीबॉलच्या पिवळ्या. मॅट फिक्या निळ्या रंगाची, तिच्यावर पांढऱ्या रेषा. माथ्यावरच्या दिव्यांचा उजेड मॅटवर असा चमकत होता की माझ्या बाजूची निदान रेषा, चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती, अर्धी दिसतच नव्हती. बोनस रेषेला खेटून प्रायोजकाचं नाव, तेही पांढऱ्याच अक्षरांत. मॅटभोवती गुडघाभर उंचीचे एलईडी फलक, आणि चढाई चालू असतानाच त्यांच्यावर जाहिरात सरकत होती. शेजारी बसलेला शाळकरी मुलगा दर चढाईला मला विचारत होता, “काका, बोनस मिळाला का?” मी आयुष्यभर कबड्डी बघत आलो आहे, आणि मला त्याला सांगता येत नव्हतं. मध्यंतरात तो बाहेर निघून गेला आणि परत आला नाही. या मुलाला कबड्डी नावडली असं कोणी म्हणू नये. त्याला कबड्डी दाखवलीच गेली नाही.

आता व्हॉलीबॉलकडे बघा. हा खेळ १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून जगासमोर आहे, आणि ‘बघणाऱ्याला दिसतं का’ हा प्रश्न त्याच्या नियमावलीतच बसवलेला आहे. मैदान अठरा मीटर बाय नऊ मीटर, रेषा पाच सेंटिमीटर रुंद. त्या रेषा फिक्या रंगाच्या असाव्यात आणि तो रंग जमिनीपेक्षा आणि *जमिनीवरच्या इतर कोणत्याही रेषांपेक्षा* वेगळा असावा, असं नियम सांगतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मोठ्या स्पर्धांत रेषा पांढऱ्याच, आणि खेळायचं क्षेत्र व भोवतालचं मोकळं क्षेत्र यांचे रंग एकमेकांपासून वेगळे असणं सक्तीचं. नारिंगी मैदान आणि भोवती हिरवा किंवा निळा पट्टा आपण पडद्यावर पाहतो, तो उगाच हौसेने निवडलेला नाही. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं यासाठी तो आहे. जाळ्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या अँटेना बघा: एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब, जाळ्याच्या वर ऐंशी सेंटिमीटर निघालेल्या, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढऱ्या पट्ट्या. चेंडू अँटेनाच्या आतून गेला की बाहेरून, एवढ्याचसाठी ते रंग. १९९८ मध्ये पांढरा चेंडू गेला आणि रंगीत आला, चेंडू नजरेला नीट दिसावा म्हणून. त्याच वर्षी लिबेरो हा बचावाचा खास खेळाडू आला, आणि त्याची जर्सी संघातल्या इतरांपेक्षा वेगळ्या रंगाची असलीच पाहिजे असं ठरलं. पंचांना कळावं म्हणून आणि प्रेक्षकांनाही कळावं म्हणून.

हा खेळ आपल्याकडे खेळवणारे हेच नियम पायदळी तुडवतात. चुन्यासारखं पांढरं छत, त्याखाली उघडे दिवे, आणि सर्व्हिस घेणाऱ्याच्या नजरेसमोर, पलीकडच्या सर्व्हिस करणाऱ्याच्या पाठीमागे भगभगता एलईडी फलक. तरंगत येणारी सर्व्हिस आधीच हवेत डुलते, त्यात मागे अक्षरं पळत असली की घेणाऱ्याने करायचं काय? खेळाडूने चेंडू टाकला की त्याच्यावर ओरडणारे प्रशिक्षक या फलकाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आणि प्रक्षेपण म्हणाल तर ते व्हॉलीबॉलला आपल्याकडे अधिकच मोलाचं आहे. मुंबई मीटिअर्स हा संघ २०२३ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये आला, त्या मोसमाचे सामने बंगळुरू, हैदराबाद आणि कोचीत झाले. मुंबईकराने आपल्या शहराच्या नावाचा संघ पाहिला तो फक्त पडद्यावर. पडद्यावरची चौकट हेच त्याचं स्टेडियम. तिथे चित्र चुकलं तर त्याच्यासाठी अख्खा सामना चुकला.

क्रिकेटवर वाढलेल्या या शहराला हे समजू नये याचं मला आश्चर्य वाटतं. आझाद मैदानावरच्या शाळकरी सामन्यातसुद्धा साइटस्क्रीनसमोरून कोणी गेलं की फलंदाज हात वर करतो, गोलंदाज थांबतो, पंचही थांबतात. लाल चेंडूला पांढरा पडदा, पांढऱ्या चेंडूला काळा. मोठ्या सामन्यांत त्या पडद्यावर जाहिरात असते, पण त्या टोकाकडून गोलंदाजी सुरू झाली की ती फिरवून बाजूला करतात. जगातला सर्वांत श्रीमंत प्रायोजकही फलंदाजाच्या नजरेपुढे मागे सरतो. मग कबड्डीतल्या चढाईच्या तीस सेकंदांत आणि व्हॉलीबॉलच्या एका रॅलीत फलक स्थिर ठेवायला कोणाचं काय जातं?

प्रायोजकाशिवाय स्पर्धा होत नाहीत, हे उत्तर मला तोंडपाठ आहे. प्रायोजक हवाच. पण त्याचं नाव कुठे लिहायचं हे ठरवणारा माणूस आयोजक आहे, आणि त्याने मान तुकवली आहे. अमेरिकन ओपन टेनिसने २००५ मध्ये कोर्ट आतून निळं आणि बाहेरून हिरवं केलं, त्यावर पिवळा चेंडू लख्ख दिसू लागला, आणि त्या स्पर्धेचे प्रायोजक पळून गेले नाहीत. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली हॉकीचं मैदान निळं, कडेचा पट्टा गुलाबी आणि चेंडू पिवळा होता. आपल्याकडच्या अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली, पण चेंडू मात्र प्रत्येकाला दिसला. त्याच २०१२ मध्ये माद्रिदच्या टेनिस स्पर्धेने माती निळी केली, ती पायाखालून निसटते म्हणून खेळाडू संतापले, आणि पुढच्या वर्षी निळी माती बंद झाली. म्हणजे डोळ्यांसाठी पाय मोडायचा नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही सांभाळूनच मैदान बनवावं लागतं, आणि ते बनवता येतं.

रंग निवडताना आणखी एक चूक सर्रास होते. नुसते दोन वेगळे रंग पुरत नाहीत. लाल आणि हिरवा यांतला फरक न कळणारे पुरुष कमी नाहीत, आणि त्यांना सारख्याच गडद छटेचे लाल-हिरवे पट्टे एकच दिसतात. एक रंग उजळ आणि दुसरा गडद असायला हवा. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही: मोबाइलवर मैदानाचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. त्यात रेषा नाहीशी झाली तर ती रेषा सभागृहातही अनेकांसाठी नाहीशीच आहे.

आता आपल्या मंडळांच्या स्पर्धांविषयी, कारण त्या माझ्या अधिक जिवाच्या आहेत. हल्ली गल्लीतल्या स्पर्धेचंही यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं, कोकणातल्या गावाकडची माणसं आणि दुबईतला भाऊ ते बघतात. हे फार मोठं काम आहे. आणि त्या प्रक्षेपणात दिसतं काय? मैदानाच्या एका बाजूला व्यासपीठ, व्यासपीठामागे दहा-बारा हसऱ्या चेहऱ्यांचा फ्लेक्स, आणि कॅमेरा बरोबर त्याच्या समोर. साहेब येणार, सत्कार होणार, नारळ फुटणार, ते चित्रात आलं पाहिजे म्हणून कॅमेऱ्याची जागा ठरते. कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीइतका उंच. मग अलीकडचा कोपरारक्षक आणि त्याचा जोडीदार चढाईपटूचे पाय झाकून टाकतात, आणि पलीकडच्या कोपऱ्यातला भगव्या जर्सीचा गडी फ्लेक्सवरच्या भगव्यात मिसळून जातो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. त्या उंचीवरून दोन्ही एकमेकींत विरघळतात. लोण बसला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, तरी समालोचकाने सांगेपर्यंत घरच्या माणसाला कळत नाही. तोच कॅमेरा एका मजल्याइतका वर चढवा, फ्लेक्स मैदानाच्या मागच्या बाजूऐवजी प्रवेशद्वाराशी लावा, आणि खेळ लगेच उलगडतो. यासाठी लागतं ते बांबूचं मचाण आणि साहेबांना ‘फ्लेक्स तिथे नाही’ असं सांगायची हिंमत.

प्रेक्षकाच्या नजरेचा विचार आपल्याला नवा नाही. गिरगावात साहित्य संघ मंदिर हे नाट्यगृह आहे. तिथे प्रयोग बघायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत कोणी दिवा मारत नाही. प्रकाशयोजना करणारा माणूस आधी प्रेक्षकांत जाऊन बसतो, कडेच्या खुर्चीवरून नटाचा चेहरा दिसतो का ते बघतो, मग दिवे बांधतो. मराठी माणसाने हे ज्ञान रंगमंचावर पिढ्यान् पिढ्या वापरलं. त्याच गावातला, त्याच वाडीतला माणूस मैदानाचे दिवे लावताना प्रेक्षक विसरतो, हे मला मान्य नाही.

कबड्डीत सामन्याआधी खेळाडूंची वजनं होतात, पंच त्यांची नखं कापलेली आहेत का ते बघतात. हे सगळं काटेकोरपणे होतं. त्यात एका तपासणीची भर घाला. सामना सुरू होण्याआधी सरपंचाने, म्हणजे मुख्य पंचाने, स्वतः शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या जागेवर जाऊन उभं राहावं, मग प्रक्षेपणाच्या पडद्यापाशी जावं, आणि दोन्हीकडून निदान रेषा, बोनस रेषा आणि दोन्ही बाजूंचं राखीव क्षेत्र स्पष्ट दिसतं का ते बघावं. दिसत नसेल तर फलक बंद करायला लावावा, दिवा वळवायला लावावा, मॅटवरचं नाव झाकायला लावावं. पाहुणे व्यासपीठावर खोळंबले तरी चालतील. तोवर शिट्टी वाजवू नये.