दम्याला दमा म्हणा!

दमा दमाबरोबरच जायचा, असे आपल्याकडे इतक्या सहजतेने बोलले जाते की, त्या बोलण्यातील हताशपणा आता कोणाला जाणवतही नाही. एके काळी त्या हताशपणाला आधार होता. धोतऱ्याच्या पानांचा धूर, ॲड्रिनलीनचे एखादे इंजेक्शन आणि खिडकीशी उशांना टेकून बसल्या बसल्या काढलेली रात्र, यांपलीकडे दमेकऱ्याच्या हाती फारसे काही नव्हते. तो काळ संपून अर्धे शतक लोटले. दमा समूळ जात नाही, हे आजही खरे. पण दमेकऱ्याने जिना चढावा, रात्री आडवे होऊन झोपावे आणि आपल्या आयुष्याची वर्षे पुरी करावीत, एवढी सिद्धी वैद्यकाने केव्हाच मिळवली आहे. असे असता या देशात दम्याने माणसे मरतात, आणि ती थोडीथोडकी नव्हेत.

रोगभाराच्या जागतिक अभ्यासातील २०१९ सालचे आकडे पाहावेत. भारतात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी आहेत. जगातील एकूण दमेकऱ्यांत त्यांचे प्रमाण शेकडा १३. दम्याच्या एकूण मृत्यूंत मात्र भारताचा वाटा शेकडा ४२! शहरांची हवा वाईट आहे, बांधकामांची धूळ आहे, खेड्यांत चुलीचा धूर आहे, हे सगळे आम्हांला मान्य आहे. वाईट हवेने रोग वाढतो, बळावतो. पण रोग्यांच्या मानाने मृत्यू तिपटीने अधिक का, याचे सगळे उत्तर हवेत सापडणार नाही. ते आपल्या घरांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत आणि सरकारी औषधभांडारांत शोधावे लागेल.

प्रथम घरांविषयी. आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात मधुमेहाची चर्चा चहाच्या टेबलावर मोकळेपणाने चालते; रक्तदाबाच्या गोळ्यांची तर एकमेकांत देवघेवही होते. पण दम्याचे नाव निघाले की आवाज खाली येतो. मुलाला ‘बाळदमा’ असतो, म्हणजे तो मोठेपणी आपोआप जाणार असतो. मुलीला ‘जरा ॲलर्जी’ असते, कारण तिचे लग्न व्हायचे असते. आजोबांना ‘कफाची प्रकृती’ असते. डॉक्टरही या लपंडावात सामील होतात. दमा म्हटले तर रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, या धास्तीने ते केसपेपरवर ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ असे भारदस्त नाव लिहितात, आणि रोगी त्या नावावर समाधान मानून खोकल्याच्या औषधाची आणखी एक बाटली घेऊन घरी येतो. भारतात निरनिराळ्या ठिकाणी केलेली एक मोठी पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. छातीत शिट्टीसारखा आवाज येणाऱ्या दर १०० जणांपैकी ८२ जणांना दमा असल्याचे निदान कोणी केलेलेच नव्हते, असे तीत आढळले. ज्यांची लक्षणे तीव्र दम्याची होती, अशांतही शेकडा ७० निदानावाचून होते. ज्या रोगाला नावच दिलेले नाही, त्यावर उपचार तरी कसला होणार?

वस्तुतः दम्याचे निदान ही आता अंदाजाची गोष्ट राहिलेली नाही. श्वास सोडण्याचा जोर मोजणारे ‘पीक फ्लो मीटर’ इंग्लंडात डॉ. राइट यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. आज ते प्लॅस्टिकच्या एका साध्या नळीच्या रूपात मिळते आणि घरी वापरता येते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजणारी स्पायरोमेट्री, पंपाचे औषध दिल्यावर त्यात किती फरक पडतो याची नोंद, रक्तातील इओसिनोफिल पेशींची मोजणी, बाहेर टाकलेल्या श्वासातील नायट्रिक ऑक्साइडचे मापन, अशा एकाहून एक सूक्ष्म परीक्षा उपलब्ध आहेत. रक्तदाब न मोजता त्याची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरची पायरी आपण पुन्हा चढणार नाही. मग श्वास न मोजता छातीच्या रोगाची औषधे वर्षानुवर्षे घ्यायला आपण कसे तयार होतो?

उपचारांत तर याहून मोठी क्रांती झाली आहे आणि तिची वार्ता अजून आमच्या कित्येक घरांपर्यंत पोहोचलेली नाही. धाप लागली की निळा पंप ओढायचा आणि बरे वाटले की खिशात टाकायचा, हाच दम्याचा उपचार असे बहुतेकांना वाटते. हा पंप आवळलेल्या श्वासनलिका सैल करतो. पण त्या ज्या सुजेमुळे आवळतात, त्या सुजेला तो हातही लावत नाही. आग तशीच ठेवून फक्त धूर पुसण्यासारखा हा प्रकार आहे. जबर मात्रेच्या अशा तात्पुरत्या पंपांवर विसंबल्याने काय होते, ते इंग्लंडने १९६० नंतरच्या दशकात आणि न्यूझीलंडने १९७६ नंतर तरण्याताठ्या दमेकऱ्यांचे मृत्यू मोजून पाहिले आहे. पुढे २०१९ साली ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर ॲस्थमा’ या जगभरच्या तज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट सांगितले की, प्रौढांनी आणि किशोरवयीनांनी केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर राहू नये. सूज उतरवणारे स्टेरॉइड श्वासावाटे गेलेच पाहिजे. फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंप लागेल तेव्हा घेतला, तरी सौम्य दम्यात मोठे झटके कमी येतात, असे सिद्ध झाले आहे.

पण स्टेरॉइड हा शब्द कानी पडताच आमच्या घरांत घबराट उडते! पंपाची ‘सवय’ लागते, असाही एक प्रवाद आहे. म्हणून पंप नको, गोळी द्या, असा आग्रह होतो. येथे साधे अंकगणित पुरे आहे. साल्ब्युटॅमॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे पंप टाळून गोळी घेणारा रोगी चाळीसपट औषध पोटात घालतो आणि ते सर्वांगात हिंडवतो. छातीत त्याचा अंश तेवढा पोहोचतो. स्टेरॉइडचेही तसेच. श्वासावाटे जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते. झटका आल्यावर ज्या गोळ्या गिळाव्या लागतात, त्या मिलिग्रॅममध्ये. पंपाला भिऊन वर्षातून चार वेळा गोळ्यांचा मारा सहन करणारे लोक नेमके ज्याला भितात तेच जवळ करतात. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्यासाठी आणि मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेत जिवंत मासा गिळण्यासाठी रांगा लागतात. त्या रांगांत पदवीधरही असतात. त्यांच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण रांगेत उभे राहताना पंप घरी ठेवून जाऊ नये, एवढे तरी त्यांना सांगितलेच पाहिजे.

शंभरांतल्या पाचदहा दमेकऱ्यांचा रोग इतका हट्टी असतो की, पंपही पुरत नाही. त्यांच्यासाठी ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब अशी इंजेक्शने निघाली आहेत. ती सुजेच्या साखळीतील नेमकी एक कडी तोडतात. त्यांचा गुण मोठा, तशी किंमतही मोठी. सामान्य पगारदाराला ती परवडणारी नाहीत, आणि सुदैवाने बहुतेकांना त्यांची गरजही नाही.

श्वास मोजण्याच्या बाबतीत आमच्या शहरी डॉक्टरांनी गडचिरोलीकडे पाहावे, असे आम्ही सुचवतो. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. अमुक श्वासांच्या वर आकडा गेला की न्यूमोनिया समजायचा आणि गावातच औषध सुरू करायचे. या उपायाने न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याने घटल्याचा निबंध १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आता तर न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते आणि ती पुण्यातही बनते. निरक्षर सुईण जे मोजू शकली, ते पदव्यांची पाटी लावणाऱ्यांनी मोजू नये आणि घरघरणाऱ्या प्रत्येक छातीवर अँटिबायोटिक फेकावे, याला काय म्हणावे?

क्षयाचे नावही आपल्या घरांत असेच घेतले जात नाही. पण तेथे नुसते नाव घेऊन भागत नाही. कोणते औषध या रोग्याच्या जंतूला लागू पडेल, हे आरंभीच विचारावे लागते. क्षयाच्या उपचाराला या देशाने एकदा जगाला वाट दाखवली होती. घरी राहून औषधे घेणारा रोगी आरोग्यधामात पडून राहणाऱ्या रोग्याइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या केंद्राने १९५९ साली सिद्ध केले. त्याच देशात, मुंबईच्या धारावीत, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या. सुमारे वीस वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या. त्यांपैकी बरोबर चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर निघाले सहा! ज्याला अर्धेमुर्धे औषध मिळते, तो क्षयाचा जंतू मरत नाही, शिकतो. २०११च्या अखेरीस डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी मुंबईतून जगापुढे मांडले, तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली. पण ते आभाळातून पडले नव्हते. त्यांची तयारी आमच्याच गल्लीबोळांतल्या चिठ्ठ्यांवर झाली होती.

येथेही शास्त्र थांबलेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहणे ही शतकापूर्वीची रीत. तिला थोडे जंतू दिसत नाहीत, आणि दिसले तरी ते कोणत्या औषधाला दाद देतील हे सांगता येत नाही. जंतूची जनुके ओळखणारे यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्य केले. ते दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही, हे दोन्ही सांगते. गोव्यात बनणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. त्यालाही २०२० साली तीच मान्यता मिळाली. औषधांचे म्हणाल, तर बेडाक्विलिनभोवती रचलेली चार औषधांची नवी योजना सहा महिन्यांत बहुऔषधरोधी क्षय बरा करते. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात झालेल्या चाचणीत तिला शेकडा ८९ यश आले. जुन्या लांबलचक उपचाराला ५२. भारत सरकारने तिला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.

बेडाक्विलिन स्वस्त होण्यामागे मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींचा लढा आहे. दोघी क्षयातून वाचल्या. पण जुन्या उपचारातील इंजेक्शनांनी दोघींचेही ऐकणे गेले. औषधाच्या पेटंटची मुदत वाढवून मागणाऱ्या अर्जाला त्यांनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ज्या उपचाराने त्यांचे कान नेले, तो पुढच्या रोग्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्या लढल्या. या निकालाची दखल आमच्या शहराने घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, असे आम्हांला वाटते.

आणि सरकार? भारत २०२५ पर्यंत क्षयमुक्त करण्याचा संकल्प २०१८ साली मोठ्या गाजावाजाने सोडण्यात आला. लाखामागे नव्या रोग्यांची संख्या २०१५ साली २३७ होती. २०२३ साली ती १९५ झाली. घट खरी आहे, पण संकल्पाच्या मानाने ती फारच थोडी. झारखंडमध्ये केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोग्याच्या घरच्या माणसांना नुसते पुरेसे धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली, तर त्यांच्यातील नवा क्षय शेकडा ३९ने कमी झाला. एवढा स्वस्त उपाय समोर आहे. आणि मार्च २०२४ मध्ये क्षयाची साधी, पहिल्या फळीची औषधेच अपुरी पडू लागली, तेव्हा राज्यांनी ती स्थानिक बाजारातून तीन महिन्यांपुरती विकत घ्यावीत असे पत्र केंद्राला लिहावे लागले! डोस चुकवू नका, असे रोग्याला बजावणाऱ्यांनी स्वतःच डोस चुकवावा, याहून मोठी विटंबना कोणती?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. महापालिकेच्या कोणकोणत्या दवाखान्यात पीक फ्लो मीटर आहे, स्टेरॉइडचा पंप मोफत मिळतो काय, आणि क्षयाच्या संशयिताची पहिलीच थुंकी जनुकयंत्रात जाते की सूक्ष्मदर्शकाखाली, याची दवाखानावार यादी आरोग्य खात्याने दर तिमाहीला जाहीर करावी. खासगी डॉक्टरांच्या संघटनांनी ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ हे पांघरूण केसपेपरवरून काढून टाकावे.

पालकांना एवढेच सांगणे आहे. शाळेच्या प्रवेश-अर्जात विद्यार्थ्यास काही आजार आहे काय, असा एक रकाना असतो. त्यात आपण ‘नाही’ असे लिहितो, आणि मैदानावर मुलाचा श्वास अडकला की त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात पंप आहे, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक नसते. यंदा त्या रकान्यात ‘दमा’ असे स्वच्छ अक्षरांत लिहावे, दुसरा एक पंप स्पेसरसह शाळेच्या कार्यालयात नावानिशी ठेवावा, आणि तो कसा द्यायचा हे शिक्षिकेला व शिपायाला एकदा प्रत्यक्ष दाखवून यावे.