झेंडावंदनानंतरचा तास

आज १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. हिंगोलीत ध्वजारोहण होईल, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल, भाषणे होतील आणि ऊन चढायच्या आत मुले घरी परततील. याच मुलांना साम्राज्ये, राज्यक्रांत्या, नवे विचार ही दूरदेशीची, परीक्षेपुरती पाठ करायची प्रकरणे वाटतात. खरे तर ती त्यांच्या गल्लीतच घडून गेली आहेत.

रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा हे पत्ते हिंगोलीकर रिक्षावाल्याला रोज सांगतात. इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजेचा पगार निजामाने द्यायचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगार थकला, देणे फुगत गेले आणि १८५३ च्या तहाने त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी अंमल, अलीकडे निजामी! लढाई न करता मुलूख कसा घशात घालावा, याचा हा अस्सल धडा आहे.

क्रांतीचेही तसेच. निजामाच्या हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतच. अशा राज्यात खासगी शाळांनी मुलांना मातृभाषेबरोबर देशाची जाणीव दिली. हिप्परगा आणि अंबाजोगाई इथल्या शाळांत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेते झाले. १९३८ च्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. देश स्वतंत्र झाल्यावरही इथल्या जनतेला निजामी राजवटीतून सुटकेसाठी तेरा महिने वाट पाहावी लागली. याच जिल्ह्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांनी या लढ्यात प्राण दिले. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्याच नावाचे.

हा इतिहास शिकवायचा तर सगळा शिकवला पाहिजे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार सांगावेत, तसेच संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी ‘पोलीस कारवाई’नंतर निरपराध मुसलमानांवर काय गुदरले, हेही सांगावे. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहे. अर्धा इतिहास अभिमानाला पुरतो, शहाणपणाला नाही.

तेव्हा शिक्षकांना एकच विनंती. झेंडा फडकल्यावर तासभर मुलांना रिसाल्यातून, तोफखान्यातून फिरवा. इथे फौज कोणाची होती, पैसा कोणाचा होता, आपल्या घरातले कोण तेव्हा काय करत होते, हे त्यांना विचारू द्या. ज्या लढ्याची माणसे वर्गात घडली, त्याची आठवण केवळ मैदानावरच्या सलामीवर भागवणे बरे नव्हे.